पालकाची कोवळी

दगडासारखा गोठलेला पालकाचा गोळा बायडीने सरळ तापल्या तेलात टाकला आणि कढई अशी काही तडतडली, की भास्करशेठ दोन पावलं मागे सरकला. तडतड थांबली तेव्हा कढईत भाजी नव्हतीच. हिरवं पाणी होतं आणि त्यात लसूण तरंगत होता.

"शेठ, ही काय भाजी हाय? हे तर डबक्यावरचं शेवाळ झालं."

"अगं मावशी, फ्रोझन आहे ती. नाशिकहून मुद्दाम आणलीय. अजून पाच पाकिटं आहेत थर्माकोलच्या डब्यात. कर काहीतरी."

जव्हारमध्ये भास्करचं सहा खोल्यांचं पर्यटक निवास होतं आणि दारावरच्या पाटीवर खोल्यांपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'रानभाजी थाळी'. ती थाळी म्हणजे बायडी. सूर्यमाळच्या पाड्यावरची ही विधवा बाई गेली बारा वर्षं त्याच्या चुलीपाशी होती. पावसाळ्यात तिच्या हातचं खायला मुंबईची माणसं गाड्या भरभरून यायची. पण आता मे महिना संपत आला होता. सूर्यमाळला प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे हिरवं पान कुठून दिसणार? आणि नेमका आत्ताच ठाण्याचा अठराजणांचा गट यायचा होता. त्यांनी फोनवर रानभाजी मिळेल ना, असं विचारलं आणि ज्याला नाही म्हणणं कधी जमलंच नाही, त्या भास्करने हो सांगून टाकलं.

"तुझी फोडणी पडली की पालकाचीसुद्धा रानभाजी होते," तो म्हणाला. "शहरातली माणसं ती. त्यांना काय कळतंय?"

"खोटं वाढायचं?"

"खोटं कुठे? पालक काय प्लास्टिकचा आहे?"

बायडीने तिथेच कमरेला हात लावून नाही म्हणायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला खोट्यापेक्षा कढईतल्या त्या हिरव्या पाण्याचा जास्त राग आला होता. आपल्या हातून भाजी बिघडते म्हणजे काय! स्वैपाक चांगला करणाऱ्या बाईला एवढा गर्व असतोच, आणि तिथेच ती फसली.

दुसऱ्या दिवशी तिने पाकिटं सकाळीच चाळणीत मोकळी केली. बर्फ निथळला. मग जुन्या धोतराच्या फडक्यात घालून भाजी अशी पिळली, की फडकं कोरडं वाटायला लागलं. पाच पाकिटांची जेमतेम एक परात झाली. तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ दिला, सुक्या मिरच्या टाकल्या, कांदा परतला आणि मोठ्या जाळावर भाजी मोकळी करून घातली. झाकण ठेवलं नाही. मिठाची घाई केली नाही. ही आळलेली भाजी, आधी मीठ पडलं तर खारट ढोण व्हायची. शेवटी भाजलेल्या खुरासणीचा, म्हणजे कारळ्यांचा, कूट आणि किसलेली कैरी घातली. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि चव अशी जमली होती, की बायडी एकटीच हसली. त्या हसण्याची तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

पंगतीत आशालताबाई म्हणून एक आजी होत्या, सत्तरीच्या. त्यांची नात शलाका मोबाईल घेऊन ताटांचे फोटो काढत होती. आशालताबाईंनी पहिला घास घेतला आणि हात ताटातच थांबवला. मग बायडीला जवळ बोलावलं.

"ही कोणती गं भाजी?"

'पालक', एवढा एकच शब्द सांगायचा होता. भास्कर दारातून बघत होता.

"कोवली," बायडी म्हणाली.

"कोवळी!" आजींचे डोळे भरून आले. "माझे वडील मोखाड्याला शिक्षक होते. मी सात वर्षांची असेन. शेजारची राहीमावशी मला मांडीवर घेऊन ही भाजी भरवायची. साठ वर्षांनी खातेय मी. हीच चव. अगदी हीच!" मग त्यांनाच काहीतरी आठवलं. "पण ती तर पाऊस पडल्यावर येते ना?"

इथे भास्करने काही शिकवून ठेवलं नव्हतं. इथलं सगळं बायडीचं स्वतःचं होतं.

"झऱ्याच्या कडंला येते थोडी, आधीच," ती म्हणाली.

आशालताबाईंनी खरकटा हात बाजूला धरून डाव्या हाताने बायडीचा हात कपाळाला लावला. शलाकाने हे सगळं मोबाईलमध्ये घेतलं. बायडी आत गेली आणि भांडी घासायची बाई समोर असताना स्वतःच भांडी घासत बसली.

शलाकाने तो व्हिडिओ जगाला दाखवला आणि जगात सूर्यमाळही आलं. जून अर्धा सरला, पाऊस आला नव्हता, टँकरच्या मागे हंडे पळत होते, अशात पाड्यावरच्या पोरांच्या मोबाईलवर बायडी सांगत होती, "कोवली." धाकट्या जावेचा, हिरीचा फोन आला.

"बायडे, तू ये. जिवाबा बोलावतो."

कशाला ते बायडीला सांगावं लागलं नाही. कोवळी ही पावसाची पहिली भाजी. ती शिजवून आधी गावदेवाला दाखवायची, मग पाड्याने एकत्र बसून खायची, आणि तोवर कुणी तिचं पान तोंडाला लावायचं नाही, ही पूर्वापार रीत. पाड्याचा म्हातारा भगत जिवाबा ती भाजी देवापुढे ठेवायचा. आणि त्यांच्याच पाड्याच्या सुनेने देवाच्या आधी ती ठाण्याच्या लोकांना वाढली होती! पाऊस का अडला, हे लोकांना आता बरोबर समजलं होतं.

जीपमध्ये मोखाड्यापर्यंत बायडी विचार करत होती. चूक कबूल करावी, नारळ आणि कोंबडा द्यावा, जिवाबा देवापुढे दोन शब्द बोलेल, विषय संपेल. पालकाचं कुणालाच कळणार नाही. सोपं होतं. पण देवाला तर ठाऊकच होतं, की ती कोवळी नव्हती. मग त्याच्याकडे माफी मागायची ती कशाची? देवाशीही खोटं बोलायचं?

जिवाबाच्या ओटीवर माणसं जमली होती. म्हाताऱ्याने आवाज चढवला नाही.

"बायडे, देवाच्या आधी वाढलीस?"

"नाय बाबा."

"मंग ते मोबाईलात काय हाय?"

बायडीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ती कोवली नव्हती. पालक होता. बरफातला, पाकिटातला. शेठ बोलला, मी शिजवला. अन् कोवली म्हनून मीच सांगितलं."

क्षणभर कुणालाच उमजेना. मग चंदू, जो आठ महिने मुंबईला बांधकामावर असायचा, तो मांडीवर थाप मारून ओरडला, "एक नंबर, मामी! शेठ लोकांना एकदम उल्लू बनाया!" आणि सगळी ओटी हसायला लागली. जिवाबासुद्धा हसला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा.

"मंग देवाचा काय रुसवा नाय," तो म्हणाला. "पालकाला कसली रीत? चहा घ्या रं."

हिरीने चहा आणला. पुन्हा पुन्हा विचारून लोकांनी पालकाची गोष्ट ऐकली, आणि शहरातल्या बाईने पालकाला हात जोडले, हे ऐकून तर बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. सुटले, असं बायडीला वाटायला हवं होतं. पण एकेका हसण्यासरशी ती खाली खाली जात होती. इथे कुणाचं काही गेलंच नव्हतं. ज्यांना फसवलं होतं त्या ठाण्याला होत्या.

ती उठली. हिरीची पोरगी योगिता मोबाईल घेऊन पाठोपाठ आली. वरच्या माळावर गेल्याशिवाय फोन लागत नसे. आधी भास्करला लावला. भाजीबद्दल सांगायचंय म्हटल्यावर त्याने वहीतला शलाकाचा नंबर खुशीने वाचून दाखवला. तो योगिताने फिरवला. शलाकाने उचलला आणि आनंदाने हाक मारली, "आजी, तुझ्या बायडीचा फोन!"

"अगं बायडी!" आशालताबाईंना धाप लागली होती, बहुतेक घाईने चालत आल्या होत्या. "पाऊस पडला का गं तुमच्याकडे? मी सगळ्यांना सांगत सुटलेय तुझ्या भाजीचं. माझ्या धाकट्या बहिणीला खरंच वाटेना. पुढच्या महिन्यात तिला घेऊनच येते बघ."

'या', एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बाई," बायडी म्हणाली, "ती कोवली नव्हती."

"म्हणजे?"

"पालक होता. पाकिटातला. मी खोटं बोलले. झऱ्याचं पन खोटं, ते तर मीच बोलले. शेठनं नव्हतं सांगितलं."

पलीकडे कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"पालक? पण मला तर राहीमावशीचा..." त्या थांबल्या.

"चुकले मी, बाई."

"असू दे. फोडणी छान होती हो तुमची," त्या हळू म्हणाल्या. "ठेवते हं."

फोन बंद झाला तरी बायडी तो कानाला लावून उभी होती. खोटं बोलून त्या बाईंना तिने राहीमावशीची मांडी परत दिली होती, आणि खरं बोलून आत्ता तीच काढून घेतली होती. यातलं कुठलं पाप मोठं, हे तिला कळेना. दोन्हींची लाज मात्र सारखीच वाटत होती.

"काकी, कट झाला," योगिता म्हणाली. "काय बोलली गं ती?"

"भाजी चांगली झालेली, असं बोलली."

बायडीने पदराने मोबाईल पुसला आणि पोरीच्या हातात दिला.