चादरीपलीकडचा तंबोरा

शेवटच्या रविवारी बाबांनी मला दोनदा विचारलं, चहात साखर बरोबर आहे का, आणि एकदा विचारलं, फरक कळला का. तिन्ही वेळा मी हो म्हणाले. चहात साखर नव्हतीच.

त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नेहमीप्रमाणे मी साडेदहाला पोचले. मधल्या खोलीत दोरीवर निळ्या चौकड्यांची चादर टाकलेली होती. चादरीच्या पलीकडे दोन तंबोरे आणि बाबा. अलीकडे वेताच्या खुर्चीत मी.

"अस्मिता, तयार?"

"हो."

"सुन, हा एक नंबर."

चार तारा एकामागून एक वाजत राहिल्या. मग थांबल्या. मग पुन्हा वाजल्या.

"आणि हा दो नंबर. बोल, कोणता जास्त खुला?"

"दुसरा."

"पक्का?"

"पक्का."

पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला. एका तंबोऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकताना बाबा कधीकधी हुश्श करत, त्यांचे गुडघे दुखत. त्या दिवशी केलं नाही. मला वाटलं, नवीन तेल लागू पडलं असेल.

मग आम्ही वरण-भात जेवलो, फाटलेल्या चपला फेकण्यावरून थोडं भांडलो, आणि मी घरी आले. मंगळवारी सकाळी बाबांचे जुने मित्र दौलतरावकाका यांचा फोन आला. पोलोग्राउंड भागातल्या त्यांच्या कारखान्याच्या शेडमध्ये, मोटर सुरू करण्याआधी, बाबा स्टुलावर बसल्या बसल्या गेले होते.

बाबांनी सगळी नोकरी टूलरूममध्ये टर्नर म्हणून केली. केसाहून बारीक मापात काम करणारा माणूस. गाणं आईचं होतं, बाबांचं नव्हे. आई गेल्यावर तिचा तंबोरा वर्षभर भिंतीला टेकून होता, आणि एक दिवस शेजारच्या गाण्याच्या शिकवणीतल्या बाईंनी तो छेडून पाहिला आणि म्हणाल्या, "याची जवारी गेलीय. मिरजेला न्यावा लागेल."

तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा इतका नेमका घासायचा असतो, की कंप पावणारी तार त्याला पुसटशी स्पर्शत राहील. ते जमलं की एका सुरातून आणखी सूर फुटतात. ती जवारी. ते काम हातानं करणारे कारागीर थोडे, आणि इंदुरात शोधूनही सापडत नाहीत. बाबा म्हणाले, "घासायचंच आहे ना? मग त्याला मिरज कशाला?" निवृत्त झाल्यावर त्यांनी दौलतरावकाकांच्या शेडचा एक कोपरा मागून घेतला आणि घोडीला ठरलेला उतार देणारं छोटं यंत्र बनवायला घेतलं. त्याला सहा वर्षं लागली.

अडचण एकच होती. चाळीस वर्षं लेथ आणि प्रेसच्या आवाजात काढल्यानं बाबांचे कान वरच्या सुरांना बंद झाले होते. उतार ते मोजू शकत. त्यातून काय वाजतं ते त्यांना दुसऱ्याच्या कानानं ऐकावं लागे.

पहिल्या रविवारी त्यांनी मला बसवलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच कुणी सांगितल्याशिवाय केली होती. चादरीवरून डोकावून त्यांनी विचारलं, "फरक कळला?"

मला काहीही कळलं नव्हतं. दोन्ही वेळा तंबोरा तंबोऱ्यासारखा वाजला होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, वाचते पुष्कळ, पण गाण्याच्या बाबतीत आईनं मला दहाव्या वर्षीच सोडून दिलं होतं. पण ती दाढी पाहून मी म्हणाले, "हो. दुसरा."

त्यानंतर सहा वर्षं मी रविवारी जात राहिले आणि उत्तरं देत राहिले. बहुतेक वेळा दुसरा. कधी पहिला, संशय नको म्हणून.

विज्ञान, तंत्रज्ञान आणि कला यांत नवं काही करणाऱ्यांना मदत देणाऱ्या एका निधीचं कार्यालय तुकोगंजमध्ये आहे. तिथला अर्ज मीच इंग्रजीत भरला होता, बाबा सांगतील तसा. एके ठिकाणी ते म्हणाले, "लिही, चाचण्या श्रोत्यांकडून घेतल्या." मी लिहिलं. कोणते श्रोते, हे विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. अर्ज मंजूर झाला, पहिल्या टप्प्याचे पैसे आले, उसन्या तंबोऱ्याच्या जागी स्वतःचा दुसरा तंबोरा आणि चांगली मोटर आली. दुसऱ्या टप्प्यात अशी पाच यंत्रं करून गावोगावच्या वाद्य दुरुस्त करणाऱ्यांना द्यायची होती. अर्जावर दौलतरावकाकांची सही सोबत होती, म्हणून बाबा गेल्यावरही तो रद्द झाला नाही. निधीचं पत्र आलं: समिती शेडमध्ये येऊन यंत्र पाहील, सर्व मूळ नोंदी तयार ठेवाव्यात.

बाबांच्या कपाटात निळी वही सापडली. प्रत्येक पानावर रविवारची तारीख आणि घोडीचा नंबर. खाली "अ", आणि पुढे माझं उत्तर. अ: दुसरा. अ: दुसरा. अ: पहिला. काही पानांच्या कोपऱ्यात छोटा गोल काढलेला, नंतर नंतर तर अधिकाधिक पानांवर. त्याचा अर्थ मला लागला नाही आणि लावण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी फक्त पानं उलटत राहिले. सहा वर्षांच्या माझ्या थापा पेन्सिलीनं, त्यांच्या नीट अक्षरात, तारखेसह लिहिल्या होत्या. त्यांनी यंत्राचा उतार याच उत्तरांवरून ठरवला असणार. म्हणजे ते यंत्र चुकीचं घासत होतं, आणि ते मी घासायला लावलं होतं.

आठ दिवस मी ती वही पिशवीत घालून ग्रंथालयात नेत होते आणि परत आणत होते. ती घरी ठेवून जाणं सोपं होतं. वही आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पण पत्रात "सर्व" लिहिलं होतं, आणि बाबांनी आयुष्यात कधी एखादं माप लपवलं नव्हतं. दौलतरावकाकांना विचारावं असंही वाटलं. पण विचारणं म्हणजे सांगणंच झालं असतं.

समिती बुधवारी सकाळी आली. दोघंच होते. विक्रांत नावाचा तिशीतला इंजिनिअर, आणि सरोजिनीताई, गाण्याच्या निवृत्त शिक्षिका. दौलतरावकाका पहाटेच खजरान्याच्या गणपतीला जाऊन आले होते. त्यांनी दारातच दोघांच्या हातावर लाडू ठेवला.

"काका, हे लाच म्हणून तर नाही ना?" विक्रांत हसून म्हणाला.

"अरे भिया, गणपतीचं आहे. लाच द्यायची असती तर रात्री सराफ्यात खायला नेलं असतं तुम्हाला."

शेडमध्ये दौलतरावकाकांनी घरची ती निळी चादरच बांधली होती. ती पाहून मी दुसरीकडे बघितलं. विक्रांतनं यंत्र फिरवून पाहिलं, घोडीवर पातं कसं सरकतं ते पाहिलं, मग टेबलाशी बसून नोंदी मागितल्या. दौलतरावकाकांनी एक जाड लाल वही पुढे केली. ती मी कधी पाहिली नव्हती. मी पिशवीतून निळी काढून तिच्या शेजारी ठेवली.

त्यानं आधी निळीच उघडली. पाच-सहा पानं पाहिली, मग मधली, मग शेवटची.

"ये 'अ' कोण आहे? डेटा अजीब आहे. कन्सिस्टन्सी बिलकुल नाही. एक घोडी एकदा चांगली, तीच पुढच्या हफ्त्यात खराब."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची शिट्टी वाजत राहिली. ती थांबेपर्यंत मी थांबले.

"अ म्हणजे मी," मी म्हणाले. "ही उत्तरं खरी नाहीत. मला दोन तंबोऱ्यांतला फरक ऐकू येत नाही. कधीच आला नाही. मी दर वेळी अंदाजानं सांगत होते. बाबांना ते माहीत नव्हतं, त्यामुळे चूक त्यांची नाही, माझी आहे. या वहीवरून काही ठरवलं असेल तर ते धरू नका."

सरोजिनीताईंनी चष्मा काढला. विक्रांतनं दौलतरावकाकांकडे पाहिलं. दौलतरावकाका माझ्याकडे पाहत होते, आणि मग ते हसायला लागले. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग डोळे पुसत.

"बेटा, त्यांना माहीत नव्हतं? गजाननभियांना?" त्यांनी वही ओढली आणि एका पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा गोल दिसतोय? गोल म्हणजे त्या दिवशी दोन्ही वेळा एकच तंबोरा वाजवला. एक नंबर भी तोच, दो नंबर भी तोच. आणि तू काय म्हणालीस? दुसरा. पक्का."

मी वही हातात घेतली. पहिला गोल तिसऱ्या रविवारी होता.

"तिसऱ्याच रविवारी पकडलं तुला," दौलतरावकाका म्हणाले. "सोमवारी इथं येऊन एवढे हसले, की चहा सांडला. मी म्हटलं, मग सांगून टाका की तिला, बिचारीची सुट्टी वाया कशाला? तर म्हणाले, नको रे दौलत. सांगितलं तर तिला शरम वाटेल. आणि मग ती रविवारी यायला काय कारण सांगेल?"

"मग हे यंत्र..." मी लाल वहीकडे पाहिलं.

विक्रांतनं लाल वही उघडून माझ्यासमोर सरकवली. तिच्यात दर गुरुवारची तारीख होती. शिकवणीतल्या त्या बाई, त्यांचे विद्यार्थी, देवासहून येणारा एक सारंगीवाला, सगळ्यांची पूर्ण नावं आणि उत्तरं. "काकांनी पाठवलेल्या रिपोर्टमधले सगळे आकडे यातले आहेत, मॅडम. निळी वही मोजलेलीच नाही." मग तो म्हणाला, "पण मी ती जोडून घेतो. सहा वर्षं इतकं सातत्यानं ऐकू न येणारा श्रोता आम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही."

मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, हे मला हसून झाल्यावर कळलं. छातीवर आठ दिवस ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि मला एकदम भूक लागली होती.

मग सरोजिनीताई खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. चादरीपलीकडे दौलतरावकाकांनी एक तंबोरा छेडला, मग दुसरा. एक मिरजेच्या कारागिरानं हातानं लावलेला, एक यंत्रावर घासलेल्या घोडीचा. ताईंनी पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"पहिला हातचा," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही हो ताई," चादरीवरून दौलतरावकाकांचं डोकं वर आलं. "पहिला मशीनवाला. वहिनींचाच तंबोरा आहे तो."

"खरं सांगता?" त्या उठल्या, चादर बाजूला करून आत गेल्या आणि घोडीवर नख फिरवून पाहिलं. "हे त्यांनी स्वतः न ऐकता केलं?" त्यांनी पदरानं भोपळ्यावरची धूळ पुसली आणि विक्रांतला म्हणाल्या, "माझा तंबोरा पुढच्या आठवड्यात इथंच आणते. आणि तुझ्या त्या कागदावर माझ्या नावापुढे हो लिही."

"ताई, आधी मीटिंग असते."

"मीटिंगमध्ये मीच असणार ना?"

विक्रांतनं लिहिलं. औपचारिक पत्र नंतर येईल, म्हणाला, पण आता काळजी करू नका. दौलतरावकाका त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि तिथेच यंत्राविषयी बोलत उभे राहिले. त्यांचा आवाज आत येत होता.

शेडमध्ये मी एकटी उरले. निळी वही उघडून शेवटचं पान काढलं. शेवटचा रविवार. कोपऱ्यात गोल. अ: दुसरा. त्या दिवशी बाबांनी हुश्श का केलं नाही, ते मला तेव्हा कळलं. ते सरकलेच नव्हते. कधी हुश्श व्हायचं आणि कधी नाही, हे मला सगळं आठवत होतं. म्हणजे मी ऐकत होते. तंबोरा नव्हे, त्यांचे गुडघे.

मी चादरीच्या पलीकडे गेले आणि बाबांच्या जागी, जमिनीवर, आईचा तंबोरा मांडीशी घेऊन बसले. चारही तारा एकेक करून छेडल्या. मग एकदा पुन्हा. चादरीच्या अलीकडची खुर्ची मला तिथून दिसत नव्हती, जशी त्यांना दिसत नसे.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मला फरक कळत नव्हता. मी तंबोरा ऐकायला येतच नव्हते. मी तुमच्याकडे येत होते."