चुड्यासाठी सोडलेले पट्टे

शेलार गावात काळूरामच्या घरी चहा झाला, की भाविका आईचा, हौसाचा, उजवा हात मांडीवर घ्यायची. रोजचंच होतं ते. आधी हलक्या, अगदी हलक्या बोटांनी खांद्याकडे चोळायचं, मग पंजापासून दंडापर्यंत पट्टे गुंडाळायचे, आणि पट्ट्यांसकट हौसाने वीसदा मूठ उघडायची-मिटायची. छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात हौसाच्या काखेतल्या गाठी काढल्या, वर लाईटचे शेक दिले, तेव्हापासून हातात पाणीच साचायचं. हात कसला, दुधी भोपळा! नारपोलीच्या दवाखान्यातल्या रीमा मॅडमनी हे सगळं शिकवलं आणि दोन महिन्यांत हात निम्म्यावर आला. हौसा परत भाकरी थापायला लागली! मॅडम फक्त एक बजावायच्या, "या हाताला साधा ओरखडासुद्धा नको."

पण गावात कुणाला कॅन्सरचं माहीतच नव्हतं. हौसाची सासू बायजाबाई सगळ्यांना सांगायची, सुनेचा हात मुरगळलाय. आईचा रोग कळला तर पोरीला कोण करून घेणार? आणि भाविकाचं लग्न कोन गावच्या दीपेशशी आठ दिवसांवर आलेलं.

मग चुडा भरायचा दिवस आला. ओसरीवर कासारीण, भोवती बायका, कोनवरून दीपेशची काकू तुळजासुद्धा आलेली.

"हौसा, सोड ते पट्टे," बायजाबाई म्हणाली.

"आय, डाव्या हातात भरते ना. उजव्यात नको."

"एकाच हातात चुडा? नवरा जिता हाय तुजा! पावणी काय बोलतील?"

हौसाने नवऱ्याकडे, काळूरामकडे बघितलं. तो मंडपवाल्याशी बोलत होता. "एक दिवसाचा तर प्रश्न हाय," तो म्हणाला, "भर ना."

"आजी, नको!" भाविका ओरडली.

"नवरीनं मधी बोलायचं न्हाय."

पट्टे सुटले. शेजारीण हसली, "काय गो हौसा, हात हाय का हत्तीची सोंड?" सगळ्या हसल्या. हौसापण हसली, करणार काय! कासारणीने साबण लावला, पंजा दाबला, ढकललं... आणि तिसरी बांगडी कचकन मनगटात घुसली. रक्त!

"फुटली बोलू नको, वाढवली बोल," बायजाबाईने हळद दाबली आणि बाकीच्या बांगड्या भरायला लावल्या. पुढचे दोन दिवस घरात पावणी, पट्टे बांधायचे कसे आणि कुठे?

तिसऱ्या दिवशी हौसा तापाने थडथड उडायला लागली. हात लालभडक, तापलेल्या तव्यासारखा, आणि बांगड्या मांसात रुतलेल्या. हॉस्पिटलात त्या कापून काढल्या. जंतू रक्तात गेले होते.

"हात परत पयल्यासारखा व्हईल ना?" हौसाने विचारलं. डॉक्टर सलाईनच लावत राहिले.

दुपारी तुळजा बघायला आली. बायजाबाई घाईघाईने म्हणाली, "मुरगळलेला ना, तोच सुजला."

"न्हाय," भाविका उठून उभी राहिली. "आईला कॅन्सर झालेला. आम्ही खोटं बोललो. लग्न मोडायचं तर मोडा, पण आता आईच्या हाताचे पट्टे मी कुणासाठी सोडणार न्हाय."

बायजाबाईने कपाळावर हात मारला. तुळजा सरकत सरकत खाटेशी आली, हौसाच्या कानाशी वाकली.

"ताई, सुरुवातीला दुखतं का गो? माज्या पन छातीत गाठ हाय."

"किती दिवस?"

"दोन वर्सं. घरात बोलले न्हाय."

हौसाने डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं.

"भाविका, डॉक्टरला बोलाव. माज्यासाठी न्हाय. पळ!"