दुसऱ्या बासूनची खुर्ची

कँटीनमध्ये संत्री आली, तेव्हाच रोडेनाऊच्या ऑर्केस्ट्राला कळून चुकलं की आज बडे लोक येणार. वर्षभर या मंडळींनी बटाटे आणि सॉसेज खाऊन सिम्फन्या वाजवायच्या. संत्र्याचं दर्शन सत्ताधारी कम्युनिस्ट पार्टीची कृपा झाली तरच. आज पूर्व जर्मन राज्याचा चाळिसावा वाढदिवस होता. पार्टीचे जिल्हा सचिव समोरच्या मानाच्या सज्जात, बॉक्समध्ये, बसणार होते, कार्यक्रम रेडिओवरून थेट जाणार होता आणि पश्चिम जर्मनीतली एक कंपनी त्याची रेकॉर्ड काढणार होती. या सगळ्यावर कडी म्हणजे संचालकाची छडी घेऊन उभे राहणार होते प्रोफेसर लेबरेख्ट झांडाऊ. व्हिएन्नापासून टोकियोपर्यंत लोक ज्यांच्या सहीसाठी ताटकळत, तेच झांडाऊ.

रोझविटा क्यूनेलने आपल्या वाट्याचं संत्रं खाल्लं नाही, पर्समध्ये टाकलं. ती ऑर्केस्ट्रात पहिला ओबो, म्हणजे सनईसारखं वाद्य, वाजवायची. तिच्या बरोब्बर मागच्या खुर्चीत तिचा नवरा गिस्बर्ट दुसरा बासून, म्हणजे ओबोचाच लांबलचक, खर्जातला भाऊ, घेऊन बसायचा, आणि गिस्बर्ट सोमवारपासून तुरुंगात होता. चर्चबाहेर सरकारच्या निषेधाला जमलेल्या गर्दीत मेणबत्ती धरून उभा राहिला, एवढाच त्याचा पराक्रम. उद्या कैद्यांना दूरच्या मोठ्या तुरुंगात हलवणार, अशी कुणकुण होती. तिथून माणूस कधी परत येईल याचा नेम नव्हता.

सकाळी ती झांडाऊंना भेटली होती. त्यांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की काळजी सोडा, कार्यक्रमाआधी सचिवांच्या कानावर घालतो. झांडाऊंचा शब्द पार्टीत कुणी खाली पडू देत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोझविटा दिवसभर त्याच आशेवर तरंगत होती.

संध्याकाळी स्टेजवर जायच्या आधी तिने त्यांना आरशासमोर गाठलं. ते गळ्यातला बो सरळ करत होते.

"क्यूनेलबाई, आज जमलं नाही हो," ते आरशातूनच म्हणाले. "सचिव भलतेच खुशीत होते. कशाला विरजण घालायचं? कार्यक्रमानंतर बघू."

"कार्यक्रमानंतर तुम्ही विमानात असाल, प्रोफेसरसाहेब."

"मग पत्र टाकीन ना."

रोझविटा ओबो उचलून स्टेजवर गेली. तिच्या मागे गिस्बर्टच्या खुर्चीत शेजारच्या गावातून उसना आणलेला म्हातारा बसला होता. त्याच्या श्वासाला कच्च्या कांद्याचा वास येत होता. बिचाऱ्याचा दोष नव्हता, पण तिला रडू फुटायला तेवढंही पुरेसं होतं.

हॉल गच्च भरला, दिवे मंद झाले, रेडिओचा लाल दिवा लागला. पहिले व्हायोलिनवादक ओस्ट्राऊ उभे राहिले आणि त्यांनी रोझविटाकडे पाहून मान हलवली. ओबोने एक लांब सूर द्यायचा, त्यावर सगळ्यांनी आपापलं वाद्य लावून घ्यायचं, मग संचालकांनी आत यायचं. बाप-आजापासून चालत आलेली रीत.

रोझविटाने ओबो मांडीवर ठेवला.

ओस्ट्राऊंनी पुन्हा मान हलवली. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की ते रेडिओवर जाईल असं तिला वाटलं. मागून उसना म्हातारा कुजबुजला की बाई, सूर द्या. ती हलली नाही.

सगळ्यांची नजर दुसऱ्या ओबोवर गेली. तिथे टानहोफ बसला होता, पार्टीचा सभासद, स्वतःच्या सावलीला दचकणारा माणूस. त्याने ओबो उचलला. संपलं, रोझविटाला वाटलं. पण टानहोफने मागे गिस्बर्टच्या खुर्चीकडे एकदा वळून पाहिलं, मग आपल्या ओबोची वेताची पट्टी काढली, पाण्याच्या डबीत बुडवली आणि ती भिजेपर्यंत मला सवड नाही अशा चेहऱ्याने बसून राहिला. पहिल्या क्लॅरिनेटवाल्याने वाद्याचे तुकडे सुटे करून पुसायला घेतले. ओस्ट्राऊ स्वतःच्या व्हायोलिनवर सूर देऊ शकत होते. त्यांनी बॉक्सकडे पाहिलं, रोझविटाकडे पाहिलं आणि कोट सावरून खाली बसले. तिला त्या सगळ्यांचे हात हातात घ्यावेसे वाटले.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात झांडाऊच बाहेर आले. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. ते सवयीप्रमाणे लवून थेट तिच्यापाशी आले. तोंडावर हसू, पण आवाजात सुरी.

"सूर का दिला नाहीत?"

"माझा बासून आलेला नाही."

"पोरखेळ लावलाय? मी असाच सुरू करीन."

"करा की," रोझविटा म्हणाली. "रेकॉर्डवर नाव तुमचंच आहे."

झांडाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा हललं. हा माणूस सचिवांना भीत होता, मंत्र्यांना भीत होता, पण न लावलेला ऑर्केस्ट्रा आपल्या नावाने अख्ख्या युरोपात वाजेल या कल्पनेने त्याला घाम फुटला. ते बॉक्सकडे वळले. घसा साफ केला.

"माननीय सचिव महोदय," ते असे म्हणाले की शेवटच्या रांगेपर्यंत आणि रेडिओपर्यंत शब्दन् शब्द पोचला, "आमचे दुसरे बासूनवादक गिस्बर्ट क्यूनेल आपल्याकडे पाहुणे आहेत असं कळलं. त्यांच्याशिवाय ही सिम्फनी मी वाजवत नसतो. ते येईपर्यंत आम्ही थांबतो."

मग मागच्या चेलोवाल्याने गजाने समोरच्या स्टँडवर टकटक केली. पसंतीची ही त्यांची जुनी खूण. शेजाऱ्याने साथ दिली, मग सगळी व्हायोलिनं, आणि बघता बघता तो आवाज प्रेक्षकांच्या पायांत उतरला. लोक लाकडी जमिनीवर पाय आपटू लागले. सचिवांना पत्रकारांच्या कॅमेऱ्यांकडे बघत हसावं लागलं. त्यांनी मागे उभ्या माणसाला काहीतरी सांगितलं.

तुरुंग मागच्याच गल्लीत होता. गिस्बर्ट आला तो चौकड्यांच्या शर्टावर हॉलच्या शिपायाचा काळा कोट चढवून, बुटांना नाड्या नाहीत, दाढी वाढलेली. म्हाताऱ्याने सरकून जागा केली, कुणीतरी गिस्बर्टचा बासून आणून त्याच्या हातात दिला. रोझविटाने वळून पाहिलं नाही; पाहिलं असतं तर सूर देणं जमलंच नसतं. मानेवर ओळखीचा श्वास लागला.

"दे ना सूर, रोझी," गिस्बर्ट म्हणाला. "लोक खोळंबलेत."

तिने सूर दिला. तो पार थरथरत होता. एरवी ओस्ट्राऊंनी नाक मुरडून दुसरा मागितला असता. आज त्यांनी डोळे मिटले आणि त्याच थरथरत्या सुराला व्हायोलिन लावलं. मग सगळ्यांनीच लावून घेतलं.

कार्यक्रमानंतर झांडाऊंभोवती पत्रकारांचा गराडा पडला होता. असे निर्णय कलावंत क्षणात घेतो, असं ते सांगत होते. रोझविटाच्या कानावर ते आलं आणि तिला मनापासून हसू आलं. घेऊ दे बापड्याला. ती वाद्यांच्या खोलीत गिस्बर्टसमोर बसून संत्रं सोलत होती. रेडिओवर नाव गाजल्यावर त्याला परत न्यायची कुणाची हिंमत झाली नव्हती. त्याने आधी स्वतः हात पुढे केला होता, पण सुजलेल्या बोटांत ते धरवेना.

"मी एकही सूर वाजवला नाही गं," तो हळूच म्हणाला. "बोटांनी कळा दाबवतच नव्हत्या. सगळं त्या म्हाताऱ्याने वाजवलं."

"ऐकलं मी," रोझविटा म्हणाली आणि पहिली फोड त्याच्या तोंडात घातली.