गोदाच्या परड्याकडचा पाइप

न्हाणीघरात गॅसचा गिझर आला म्हणजे घर सुधारलं, असं आपण सगळेच धरून चालतो. तो बसवला कसा आणि त्यातला जळका वायू जातो कुठे, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही. रत्नागिरीजवळच्या एका वाडीतल्या मालनला तर विचारावंही लागलं नव्हतं, सांगणारा घरी येऊन सांगून गेला होता. तिने ऐकलं नाही. आणि ते अडाणीपणाने नव्हे, शुद्ध जळफळाटाने.

मालन थोरली सून, गोदा धाकटी. दोघींची घरं शेजारी शेजारी, दोघींच्या परड्यांमध्ये, म्हणजे परसांमध्ये, कमरेएवढा जांभ्याच्या दगडांचा गडगा. सासरे आप्पा एक महिना थोरलीकडे आणि एक महिना धाकटीकडे, अशी पाळी ठरलेली. मालनचा नवरा मुंबईला, गोदाचा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत. गेल्या दिवाळीत गोदाकडे गिझर आला आणि तेव्हापासून मालनच्या पोटात दुखायला लागलं.

बारा वर्षं तिने आप्पांच्या आंघोळीचं पाणी चुलीवर तापवलं होतं. जळणाचा पातेरा, गोळा केलेला पालापाचोळा, ओला असला की डोळे चुरचुरायचे, खोकून खोकून जीव जायचा, पण आप्पांना कधी थांबावं लागलं नव्हतं. आणि आता तेच आप्पा पारावर बसून चार लोकांत सांगायचे, "धाकटीकडं नळ फिरवला की ऊन पाणी." मालनला ते कळलं, आणि आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही.

पुढच्या वेळी पाळी बदलायच्या दिवशी अंगात कणकण असतानाही ती खोकत खोकत आप्पांची पिशवी न्यायला गोदाच्या दारात उभी राहिली. आप्पा जागचे हलले नाहीत. "दोन दिवस राहतो गो हिकडंच," ते म्हणाले. गोदा नुसती हसली. त्या हसण्यात काही नव्हतं, पण मालनला त्यात नको ते सगळं दिसलं. आपली बारा वर्षांची चूल एका नळापुढे हरली, असं मनाशी म्हणत ती रिकाम्या हाताने घरी आली. त्याच संध्याकाळी तिने मुंबईला नवऱ्याला फोन केला आणि गिझरशिवाय दुसरा विषय काढू दिला नाही.

गिझर आला. बसवायला वाडीतलाच शुभंकर आला. हातचं काम चोख असलेला तरुण फिटर. त्याने न्हाणीघराच्या चारही भिंती ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "काकी, ह्यात पंखा हाय. तो जळका वायू पाइपातनं बाहेर फेकतो. तुमच्या मागं दरड, पुढं रांधपाची खोली, तिकडं माजघर. पाइप गोदाकाकींच्या परड्याकडंच काढायला लागंल. आडवा, बाहेरच्या अंगाला जरासा उतार दिला की पावसाचं पाणी आत येत नाय. त्यांच्या कानावर तेवढं घाला."

दुसऱ्याच्या परड्याकडे भिंतीला भोक पाडायचं तर आधी त्याला विचारायचं, ही वाडीची जुनी रीत. आणि नेमकं तेच मालनला नको होतं.

"तिला विचारू? तिच्याकडं आधी आला म्हणून आता मी तिच्या दारात जाऊ?"

"दारात जायचं नाय, गडग्यावरनं विचारा. पण वायू बाहेर गेलाच पायजे. त्याला रंग नाय, वास नाय. माणूस बसल्या जागी ढासळतो, त्याला समजतपण नाय. त्यात तुम्ही खिडकीला पावसाचं प्लॅस्टिक मारलंय."

"चुलीचा धूर बारा वर्षं कौलांतनंच गेला ना? मेलं कोण त्यानं? पाइप माळ्यावर सोड."

"तसं मी बसवणार नाय," शुभंकर म्हणाला आणि हत्यारं गोळा करून निघाला.

मालनने बाजारातून दुसरा फिटर आणला. त्याने मालनने सांगितलं तसं केलं. पाइप वर वळवून माळ्यावर सोडला आणि निघून गेला. यंदा गळतीसाठी कौलांखाली ताडपत्री ठोकली आहे, वायूला वरूनही वाट उरलेली नाही, हे मालनच्या ध्यानातही आलं नाही.

आप्पा आले. पहिल्या दिवशी मालन मुद्दाम मोठ्याने, गडग्यापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कसं आहे पाणी, आप्पा?" आप्पांनी आतून "बेस" म्हटलं. परड्यात कपडे वाळत घालणाऱ्या गोदाने मान वर केली. किती महिन्यांनी मालनला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. आप्पा न्हाणीत गेले, मालन आत तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. पावसाच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. गोदा मात्र आपल्या परड्यात, न्हाणीच्या खिडकीसमोरच पन्हळ साफ करत होती. तिला आत तांब्या पडल्याचा आवाज आला. पाणी वाहतंय, आणि माणसाची चाहूल नाही. तिने दोनदा हाक मारली, मग गडगा ओलांडून आली, खिडकीचं प्लॅस्टिक ओढून फाडलं आणि ओरडली, "वैनी, दार मोडा! आप्पा पडलेत!"

पिठाच्या हातांनी मालनने दाराला खांदा दिला. कडी निघाली. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, मान कलंडलेली. दोघींनी त्यांना उचलून पडवीत वाऱ्याला आणलं, रिक्षा बोलावली. सबंध रस्ता मालन त्यांचा हात चोळत होती. हे मी केलं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर आप्पा संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आले. मालन त्यांच्या पायाशी बसून रडली आणि सगळं बोलून गेली. पारावरचं बोलणं, ते दोन दिवस, शुभंकरला घालवून दिलं ते. गोदा तिथेच उभी होती, तरी ती थांबली नाही.

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "ऊन पाण्याला भुलून राहिलो नव्हतो गो. तुला ताप होता, खोकत होतीस. माझ्या पाण्यापायी त्या धुरात बसली असतीस. दोन दिवस तुला इसावा मिळंल म्हटलं. तोंडानं सांगितलं नाय, ती माझी चूक."

मालनला वर बघवेना. थोड्या वेळाने ती गोदाकडे वळली. "गोदा, तुझ्या परड्याकडं पाइप काढू का?"

"काढा की," गोदा म्हणाली. "पण वैनी, हे आठ दिवसांमागं विचारलं असतंत तर मी काय नाय म्हटलं असतं?"

मालनने तिथूनच शुभंकरला फोन लावला.

शुभंकर पुन्हा आला. जांभ्याच्या भिंतीतून पाइप आडवा बाहेर निघाला, खिडकीपासून लांब, तोंड मोकळ्या हवेत. गोदाने पाइपासमोर येणारी आपली कपड्यांची दोरी काढून पलीकडच्या माडाला बांधली.

मंडळी, गिझर तुमच्या घरीही असेल. त्याचा पाइप माळ्यावर सोडलाय की भिंतीबाहेर, हे आजच उठून बघा. पावसापायी न्हाणीघराची खिडकी बंद केली असेल तर उघडा. आणि शेजाऱ्याला एक शब्द विचारणं कमीपणाचं वाटत असेल, तर तो कमीपणा घ्या. आपला मान राखायला घरातलं माणूस पणाला लावायचं नसतं.

मालन हे आता स्वतःच वाडीभर सांगत फिरते. परवा बचत गटात एकीने तिला छेडलं, "आता गोदाचा हेवा नाय ना वाटत?"

"वाटतो की," मालन म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण आता वाटला की उठते, आणि तिच्या घरी चहाला जाते."