छापखान्याचं वळण

मित्रांनो, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर लोकरीच्या हातमोज्यात गुंडाळलेली जी चपटी वस्तू दिसते ना, तो मी. मी एक जुना गेम कन्सोल आहे. दोन्ही हातांत धरून खेळायचा, खिशात मावणारा. माझ्या पडद्याला एका कोपऱ्यात तडा गेला आहे, आणि उजवीकडचं एक बटण इतकं झिजलं आहे की त्यावरची खूण पार पुसली गेली आहे. ते बटण कुणी झिजवलं, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखीच हजारो भावंडं एकामागून एक पट्ट्यावरून सरकत होती. बनवणाऱ्यांनी आम्हां सगळ्यांच्या पोटात एक कुलूप घातलं होतं. कंपनीने विकलेले खेळ तेवढे चालवायचे, बाकी कशालाही आत घ्यायचं नाही. पहिल्या घरी माझे लाड झाले, पण नवा, मोठ्या पडद्याचा कन्सोल आला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे मी एका बिघडलेल्या इस्त्रीला टेकून पडून होतो. एका संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या एका माणसाने मला उचललं, कानाशी धरून हलवलं आणि दुकानदाराला म्हटलं, "आत काही सुटलेलं नाही. नुसता रुसलाय."

तो माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची मुलगी त्याला बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबांचं काम कानाचं होतं. लिफ्ट वर जाताना दोर कुठे घासतो, दार मिटताना कोणता स्क्रू कुरकुरतो, हे ते डोळे मिटून ओळखत. घरी आले की हातपाय धुऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कोपऱ्यावर संगणक उघडत. तो कोपरा त्यांच्या हौसेचा होता.

मित्रांनो, जगात ठिकठिकाणी अशी हौशी माणसं असतात. ती जुन्या कन्सोलचं कुलूप उघडतात आणि स्वतः लिहिलेले खेळ त्यात चालवतात. काही जण विकतचे खेळ फुकट मिळावेत म्हणून कुलूप उघडतात, पण बाबांना ते आवडत नसे. "दुसऱ्याच्या ताटातलं नको. आपलं आपण शिजवू," असं ते म्हणत.

माझं कुलूप उघडायची रीत मोठी गमतीची होती. माझ्या बाजूच्या खाचेत दोन बारीक टोकं आहेत. आईची केसांची पिन वाकवून बाबा ती त्या टोकांना टेकवत, आणि संगणकातून तारेने एक छोटा संदेश पाठवत. की मी मोकळा. पण हे मोकळेपण माझी बॅटरी जिवंत असेपर्यंतच टिकायचं. ती पूर्ण संपली की मी सारं विसरायचो आणि कुलूप आपोआप पुन्हा लागायचं. मग पुन्हा पिन, पुन्हा तार. आई म्हणायची, "माझ्या पिना केसांत कमी आणि त्या डब्यातच जास्त असतात." म्हणून घरात एक नियम झाला. जेवायला बसण्याआधी मला चार्जिंगला लावायचं. "आधी त्याचं पोट, मग आपलं," असं बाबा म्हणत, आणि हे काम लेकीकडे होतं. तिला सगळे ठकू म्हणायचे.

बाबांचा पहिला खेळ लिफ्टचाच होता. त्यात एक छत्रीवाली बाई होती. ती आत शिरली की सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची आणि बाकीचे लोक वैतागायचे. दूरदूरच्या हौशी लोकांनी तो खेळ आपापल्या कन्सोलमध्ये घालून खेळला आणि बाबांना शाबासकी दिली. त्यांच्यात घुबड असं टोपणनाव घेतलेलं कुणीतरी होतं. ते फक्त चुका काढायचं. एकदा त्याने कळवलं, की छत्रीवाली बाई सातव्या मजल्यावर भिंतीतून आरपार जाते. बाबांनी उत्तर लिहिलं, "जाऊ दे, घाईत असेल." त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. भेट मात्र कधी झाली नाही.

मग ठकूच्या डोळ्यांचं कळलं.

ती पायरी चुकू लागली, दाराच्या चौकटीला धडकू लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि समजावून सांगितलं, की नळीतून पाहावं तसं तिला दिसतंय, आणि ती नळी हळूहळू बारीक होत जाणार आहे. त्यावर औषध नाही. त्यानंतर कितीतरी दिवस टेबलाचा तो कोपरा रिकामा राहिला. आई दवाखान्यात टेलिफोनवर काम करायची. तिथे दिवसभर शांत आवाजात बोलून ती घरी यायची आणि चपला न काढताच बसून राहायची. दोघांना एकच काळजी लागली होती. ठकू उद्या एकटी कशी जाणार? शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती, पण मध्ये गल्ल्या होत्या, वळणं होती आणि एक रस्ता ओलांडायचा होता.

एक दिवस बाबांनी मला सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ते बाहेर पडले. जिन्याखालचा नळ एका पत्र्यावर ठिबकत असे, तिथे ते थांबले आणि माझ्या माइकमधून तो आवाज त्यांनी टिपून घेतला. पुढे न्हाव्याची कात्री, मग बेकरीतल्या तव्यांची आदळआपट, मग एक कुत्रा, जो फक्त बूट घातलेल्यांवर भुंकायचा. असे शाळेच्या फाटकापर्यंत सगळे आवाज माझ्या पोटातल्या छोट्या साठवणीच्या कार्डात आले. त्यातून बाबांनी एक नवा खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हतं. पडदा काळाच राही. कानात हेडफोन घालायचे आणि ऐकत ऐकत घरापासून शाळेपर्यंत जायचं. डावं बटण वळायचं, उजवं बटण पाऊल टाकायचं. होय, तेच बटण.

सगळ्यांत कठीण होतं छापखान्याचं वळण. तिथे यंत्राची धडधड इतकी मोठी, की पलीकडच्या रस्त्यावरची गाडी ऐकू येत नसे. पण कागदाचा नवा गठ्ठा लावताना यंत्र थोडा वेळ थांबायचं. म्हणून त्या एकाच ठिकाणी बाबांनी स्वतःचा आवाज घातला. "ठकू, इथे डावीकडे. पण आधी थांब. छापखाना बोलतोय तोवर रस्ता ऐकू येत नाही. तो दम खाईल. मग रस्ता ऐक, आणि मग जा. घाई नाही."

ठकू तो खेळ रोज खेळू लागली. सुरुवातीला सारखी धडपडायची. "बाबा, मी न्हाव्यात घुसले," ती ओरडायची. बाबा भाजी चिरता चिरता म्हणायचे, "घुसलीच आहेस तर केस कापून घे." पुढे ती सरावली. डोळे मिटून, पाय हलवत, ती सगळा रस्ता पार करायची. मग एके दिवशी खऱ्या रस्त्यावरही गेली. बाबा मागून बरंच अंतर ठेवून चालत होते. वळणावर ती थांबली, छापखान्याने दम खाल्ला, तिने ऐकलं आणि गेली. नव्या वर्गात गेल्यावर एकटीने शाळेत जायचं, असं त्या दिवशी ठरलं.

नवा वर्ग सुरू व्हायच्या आधीच एका सकाळी बाबांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

घर माणसांनी भरून गेलं. माझ्या चार्जरच्या जागी कुणाचा तरी फोन लागला आणि मी एका खणात सरकवला गेलो. ठकूला दोष देऊ नका मित्रांनो, त्या दिवसांत तिला स्वतःच्या जेवणाचीही शुद्ध नव्हती. खणातल्या अंधारात माझी बॅटरी थोडी थोडी उतरत गेली, आणि मग कुलूप लागलं.

पाहुणे पांगले, ठकूचा मामा तेवढा राहिला. मोठ्या मनाचा माणूस. भाचीने हसावं म्हणून तो काय काय करायचा. खणात मी सापडलो तेव्हा त्याला आनंद झाला. त्याने मला चार्ज करून चालू केलं. बाबांनी कार्ड आपल्या पद्धतीने मांडलेलं होतं, आणि कुलूप उघडं असतानाच मला ते वाचता येत असे. कुलूपबंद मला त्यातलं काहीच ओळखता येईना. कारखान्यात शिकवलेला एकच प्रश्न माझ्या पडद्यावर उमटला. हे कार्ड वाचता येत नाही, ते साफ करून नव्याने तयार करू का? मामाने 'हो' दाबलं. एवढंच करून तो थांबला नाही. कार्ड रिकामं दिसतंय म्हणून त्याने गाड्यांच्या शर्यतीचे मोठमोठे खेळ विकत घेऊन त्यात भरले. बाबांचे आवाज जिथे होते, तिथे आता रंगीत गाड्या बसल्या.

मग त्याने मला मोठ्या प्रेमाने ठकूच्या हातात दिलं. तिने हेडफोन लावले. कर्णे वाजले, गाड्या घूं घूं करू लागल्या. ती बटणं दाबत राहिली. नळ आला नाही, न्हावी आला नाही. तिने हेडफोन काढले आणि विचारलं, "मामा, तू काय केलंस?"

मामाने सगळं सांगितलं. "साफ करू का असं विचारत होतं. मला वाटलं, करतंय तर बरंच आहे."

ठकू रडली नाही, ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "मामा, एकदा विचारायचंस ना." मामा जिन्यात जाऊन बसला. त्याला जेवायला बोलवायला आई दोनदा जाऊन आली.

बाबांच्या संगणकावरून आईने घुबडाला घरच्या पत्त्यासकट सगळं कळवलं. उत्तर आलं नाही. काही दिवसांनी दाराची घंटा वाजली. दारात पिकल्या केसांची एक बाई उभी होती, हातात पिशवी. "मी घुबड," ती म्हणाली. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू येता येता राहिलं. ती बाई पूर्वी नकाशे काढण्याच्या कचेरीत कामाला होती. ठकू तिला आजी म्हणू लागली.

आजीने कार्ड परोपरीने तपासलं. शेवटी तिने चष्मा काढून खाली ठेवला. आवाज फक्त याच कार्डात होते, आणि ते गेले होते. गाड्यांनी त्यांची जागा घेतली होती. मात्र खेळाचा आराखडा बाबांच्या संगणकावर होता. आजीने पिन टेकवली, माझं कुलूप उघडलं आणि तो आराखडा माझ्यात घातला. सगळी वळणं होती तिथेच होती, पाऊल पडत होतं, भिंतही लागत होती. पण गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ठकू थोडी चालली आणि मध्येच थांबली. "आजी," तिने हळूच विचारलं, "सगळे कुठे गेले?"

बाबांचा आवाज इतरत्र अगदीच नव्हता असं नाही. एका समारंभाच्या व्हिडिओत ते खुर्च्या सरकवायला सांगत होते. पण त्यात ते ठकूशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामाने मला खिशात घातलं आणि कुणाला न सांगता तो बाहेर पडला. नळाजवळ श्वास रोखून उभा राहिला. न्हाव्याकडे गरज नसताना केस कापून घेतले. बूट घालून मुद्दाम कुत्र्यासमोरून गेला. आजीने ते आवाज एकेक करून जागच्या जागी बसवले. राहिलं होतं छापखान्याचं वळण. आई म्हणाली की तिथे ती बोलेल, तिथले बाबांचे शब्द तिला पाठ आहेत.

"नको," ठकू म्हणाली. "तिथे काही घालू नका. तिथे बाबा आहेत."

आजी म्हणजे चुका शोधणारं घुबड. तिने समजावून पाहिलं, "अगं, खेळणाऱ्याला वाटेल, इथे काहीतरी बिघडलंय."

"वाटू दे."

आजीने चष्मा चढवला. मग तिने खेळ असा लिहिला, की त्या वळणावर धडधड येते आणि एकदम थांबते. पूर्ण शांतता. ती शांतता संपेपर्यंत उजवं बटण कितीही दाबलं तरी पाऊल पडत नाही. जाण्यापूर्वी आजीने सगळ्याची एक प्रत स्वतःकडे घेतली, एक आईकडे ठेवली आणि एक मामाच्या हातात दिली. मामाने ती दोन्ही हातांनी घेतली.

मग एका सकाळी ठकू एकटी शाळेत निघाली. मी तिच्या खिशात होतो. वळणावर छापखाना धडधडत होता. ती थांबली. तिचा अंगठा माझ्या बटणावर होता, पण तिने ते दाबलं नाही. यंत्राने दम खाल्ला. एक सायकल किणकिणत गेली, मग रस्ता रिकामा झाला. तरीही ती हलली नाही. रस्ता ऐकायला लागतो, त्यापेक्षा बराच जास्त वेळ ती तिथे उभी होती. मग डावीकडे वळली आणि गेली. मागे न्हाव्याच्या दुकानाशी तोंडावर पदर धरून आई उभी होती. ते ठकूला कधी कळलं नाही.

या गोष्टीला आता फार वर्षं झाली. माझी बॅटरी फुगली, म्हणून ती काढून टाकावी लागली. तशी बॅटरी आता कुणी बनवत नाही. ठकू मोठी झाली, कामावर जाते. तिला आता रस्त्यासाठी माझी गरज नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी आवाज, कुणाचं तरी काम एकाच जागी ठेवलेलं असेल. त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. आणि एखाद्या यंत्राने 'साफ करू का?' असं विचारलं, तर 'हो' दाबण्याआधी घरात एक हाक मारा आणि विचारा, हे कुणाचं आहे? आम्ही यंत्रं प्रश्न विचारतो, पण आत काय आहे ते आम्हांला सांगता येत नाही.

कधीतरी सुट्टीच्या दुपारी ठकू मला हातमोज्यातून बाहेर काढते. खिडकीशी बसून ते झिजलेलं बटण दाबत जाते. नळ, न्हावी, बेकरी, कुत्रा. माझ्यात वीज नाही, काहीच वाजत नाही. वळण आलं की तिचा अंगठा थांबतो. तेवढा वेळ मीही थांबतो. घाई नाही.