दुबार उमटणारं अक्षर

संगणकाच्या पडद्यावरची ती बारीक उभी रेघ — दिसते, जाते, दिसते, जाते — इतक्या एकसारख्या ठेक्यात की उद्धव बिरादार सरांना तिचा हेवा वाटला. मांडीवरच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला मात्र ठेका नव्हता. तो तर्जनीवर घासत होता, थांबत होता, पुन्हा आपल्याच मनानं सुरू होत होता, न दिसणारी एखादी गोळी वळत असल्यासारखा. त्यांनी डावा तळवा त्यावर दाबून धरला. समोर शिल्पा माइकवर बोलत होती. लातूरला माझी विद्यार्थिनी, पहिल्या बाकावर बसणारी शिल्पा, आता इथं नांदेडच्या विद्यापीठात प्राध्यापिका. आजूबाजूच्या गणिताच्या शिक्षकांना ती सांगत होती की सेज नावाचं हे सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीचं नाही, जगभरच्या गणितवाल्यांनी मिळून लिहिलंय, आतली प्रत्येक ओळ कुणीही उघडून वाचावी, चुकली असेल तर दुरुस्त करावी. इथं झाकलेलं असं काहीच नाही.

झाकलेलं... लातूरच्या डॉक्टरांनी या थरथरीमागच्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा आधी मनात आलं ते हेच, की हे किती दिवस झाकता येईल. घरी त्यांनी बायकोला, लताला सांगितलं, मानेची शीर आखडलीय म्हणे. तिनं काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून चहा फक्त अर्धा कप भरून देऊ लागली, एवढंच. वर्गात मात्र झाकणं अवघड होतं. साक्षी नावाच्या मुलीनं सरळपणे विचारलं होतं, “सर, तो पाच आहे का एस?” वर्ग हसला, तेही वाईट हेतूनं नाही, आणि मी, आयुष्यात कधी मुलांवर न ओरडलेला मी, तिच्या अंगावर धावून गेलो. त्यानंतर फळा सुटला. सिद्धता तोंडी सांगायच्या, खुर्चीत बसून. आणि हातानं काढलेला वक्रच मुलांच्या डोक्यात जातो असं उभ्या कॉलेजला ऐकवणाऱ्या माणसानं या कार्यशाळेसाठी सगळ्यांच्या आधी नाव दिलं, तेव्हा प्राचार्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं होतं... आलेख यंत्रानं काढला की हात कुणाला दिसणार नाही. एवढा साधा हिशेब.

“साइन एक्सचा आलेख काढून बघा सगळ्यांनी,” शिल्पा म्हणाली.

त्यांनी अक्षरं शोधून शोधून दाबली. आलेखाऐवजी लाल मजकूर आला — असं नावच ठरवलेलं नाही. पाहिलं तर साइनमधला एस दोनदा उमटलेला. खोडला, पुन्हा लिहिलं. या खेपेला एन दोन.

शेजारी धर्माबादचे व्यंकटी सर होते, सकाळपासून अखंड बोलणारे. ते वाकून म्हणाले, “सर, की-बोर्डच खराब हाय तुमचा. लई जुना माल हाय हा. बदलून मागा की.”

“हाव, मघापासून तसंच करायलाय तो.”

किती सहज निघालं तोंडातून. परिचरानं दुसरा की-बोर्ड आणून जोडला, व्यंकटी सरांनी स्वतः दोन-चार बटणं दाबून “हा बेस हाय” असा निर्वाळा दिला, आणि आता मागे सरकायला जागा उरली नाही. त्यांनी एस दाबला. दोन एस. व्यंकटी सरांची नजर पडद्यावरून बटणांवर आली, बटणांवरून हातावर, आणि मग ते आपल्या पडद्याकडे वळले ते वळलेच. 

तेवढ्यात शिल्पा रांगेतून हसत आली. “सर, तुम्ही कार्डिऑइड काढायचात ना, तो बदामासारखा वक्र, खडू न उचलता — मला अजून तसा जमत नाही बघा...” आणि तिचं वाक्य तिथंच राहिलं. तिनं हात पाहिला होता.

ती स्टूल ओढून बसली. संगणकाच्या सेटिंगची कुठलीशी खिडकी उघडून एका ओळीपुढे तिनं खूण केली. “आता तेच अक्षर लगेच दुसऱ्यांदा दाबलं गेलं, तर संगणक ते धरणार नाही.”

“ही सोय यात आधीपासूनच आहे?”

“आहे, सर. कुणाला तरी लागली असेल. त्यानं लिहिली, आणि सगळ्यांसाठी ठेवून दिली.”

कुणाला तरी... कुठल्या गावी, कुठल्या टेबलापाशी? त्यांनी हळूहळू कार्डिऑइडचं समीकरण लिहिलं. अक्षरं एकेकटी उमटली, वक्र एका क्षणात आला, गुळगुळीत, निर्दोष, आणि माझा नव्हे. माझ्या वक्राला खाली, परतीच्या वळणावर, एक किंचित दाब असायचा. तो आता कुठेच नाही, हे त्यांना स्पष्ट कळलं.

“कधीपासून?” शिल्पानं खालच्या आवाजात विचारलं.

मानेच्या शिरेची सबब तयार होती. की-बोर्डचीही होती.

“दिवाळीपासून,” ते म्हणाले.

तिनं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, “उद्या हे ध्रुवीय वक्र, कार्डिऑइड वगैरे, तुम्ही शिकवा ना, सर. तुम्ही बोला, मी टाइप करते.”

तू टाइप करणार, आणि मी? ते म्हणाले, “बघू.”

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्यांनी लताला फोन लावला. नेहमीचं विचारून झालं, आणि मग ते एकदम बोलले — डॉक्टर, आजाराचं नाव, शिल्पाला सांगितलं तेही. 

“मला ठाऊक होतं काहीतरी आहे ते,” लता म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “पण तिला आधी सांगितलंत? अहो, मी रोज समोर असते तुमच्या.”

 जन्मभर मुलांना पुढची पायरी सांगत आलेल्या त्यांना पुढची पायरी दिसत नव्हती. क्षमा मागावी, की शिल्पा घरची नव्हती म्हणून सोपं गेलं हे खरं सांगावं, की नुसतं थांबावं... लतानं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता, रागाचा असेल, रडण्याचाही असेल. कानाशी फोन हलत होता, समोरून शिक्षक जेवायला जात-येत होते, कुणी बघतही असेल. ते आडोशाला गेले नाहीत. तिनं आणखी काही विचारावं, मनात असेल ते सगळंच विचारावं, असं त्यांना वाटत राहिलं.