लिंबाचं झाड आणि शेवटची संधी

माझा नवरा खोटं बोलत नाही. तो सूचना लिहितो. मोबाइलवरच्या बागेच्या खेळात मधूनच एक चौकट उघडते ना, ‘शेवटची संधी, हे झाड पुन्हा मिळणार नाही’, ती त्याची कामगिरी. शेजारी घड्याळ उलटं पळत असतं. लोक हातातलं काम टाकून बोटं चालवतात, आणि वर्षभरात तेच झाड नवी कुंडी घेऊन परत येतं. त्याच्या ऑफिसात याला खोटं म्हणत नाहीत, खेळाडूला जागं ठेवणं म्हणतात. घरात मात्र तो ‘हा काय, निघालोच’ म्हणाला की आम्ही निवांत चहाचं आधण ठेवतो.

सासूबाई या खेळातल्या मुरलेल्या. आधी त्या आणि सासरे मिळून खेळायचे, एकाच फोनवर, भांडत. सासऱ्यांचा हात थरथरायचा. अशाच एका मुदतीच्या मोसमात त्यांनी लिंबाचं झाड लावलं, ते नेमकं पायवाटेच्या मधोमध. सासूबाईंनी त्यांना फैलावर घेतलं, माणसं चालणार कुठून म्हणून. वळसा घालतील, म्हणाले ते. सासरे गेले, झाड राहिलं. सासूबाई रोज सकाळी चष्मा पुसून आधी त्याला पाणी घालायच्या, मग चहा घ्यायच्या. पडद्यावरच्या झाडाला तहान नसते हे मलाही कळतं, पण तेवढा वेळ मी भांडी वाजवत नसे.

घोळ घातला तो नवऱ्यानेच, आणि तोही मायेपोटी. मागे एकदा मुदत संपत आली म्हणून सासूबाई दातांच्या डॉक्टरांची वेळ चुकवायला निघाल्या, तेव्हा हा म्हणाला, “आई, कशाला जीव काढतेस? सगळं परत येतं ते. मीच लिहितो ना.”

घरचाच माणूस आतली गोष्ट सांगतोय म्हटल्यावर त्या निर्धास्त झाल्या. तेव्हापासून चौकट उघडली की न वाचता कोपऱ्यातली फुली दाबायची. मैत्रिणींनाही त्यांनी ही युक्ती शिकवली, जरा तोऱ्यातच.

मग खरोखरच तशी वेळ आली. जुना खेळ बंद होऊन नवा येणार होता. प्रत्येकाने आपली बाग ठरलेल्या मुदतीत नव्या खेळात हलवायची, नाहीतर ती पुसली जाणार. नवऱ्याने सूचना साध्या शब्दांत लिहिली होती. नेहमीचा जोर नाही म्हणून साहेबांनी ती परत पाठवली. यानेही मान तुकवली आणि पुन्हा तेच केलं: शेवटची संधी, लाल अक्षरं, उलटं घड्याळ. घरी तो काही बोलला नाही. आईची बाग हललीच असणार, असं धरून चालला. पोटच्या पोराने लिहिलेलं आई वाचत नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मुदत संपल्यावर दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी फोन माझ्यापुढे धरला. त्यात नुसती मोकळी हिरवी जमीन होती.

“अगं, माझं लिंबू कुठे गेलं?”

नवरा दाढी अर्धवट टाकून आला. त्याने ऑफिसात फोन केले, तिथल्या मित्राच्या विनवण्या केल्या. पुसलं ते पुसलं. मला त्याचा भयंकर राग आला, आणि गालावर वाळत चाललेला फेस बघून कीवही आली. सासूबाईंनी त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तक्रारींचा असा पाऊस पडला की कंपनीने भरपाई म्हणून जुन्या खेळातलं लिंबाचं झाड सगळ्यांना फुकट द्यायचं ठरवलं. सूचना पुन्हा याच्याकडेच आली. त्याने लिहिलं, ‘झाड सगळ्यांना मिळेल, घाई नाही. गेलेली बाग मात्र परत आणता येणार नाही. चूक आमची.’ साहेबांनी फक्त शेवटचे दोन शब्द कापले.

ही सूचना सासूबाईंनी वाचली, ओठ हलवत, शेवटपर्यंत. नव्या बागेत आधी पायवाट आखली आणि मग बरोबर तिच्या मधोमध झाड लावलं. शेजारी बसलेल्या मुलाला म्हणाल्या, “हे राहील ना रे?”

याच्या जिभेवर एरवी वाक्यं तयार असतात.

“माहीत नाही, आई. उद्या काय करतील, सांगता येत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन त्याच्या हातात दिला. “मग आज पाणी तू घाल.”

त्याने घातलं. मग चहा घेतला.